खोळंबलेल्या माणसाची गोष्ट: पटकथेतील समांतर सूत्रांविषयी

निरगुडसरला आमचे जाणे-येणे आहे ते एका निवृत्त शिक्षकांमुळे. आंबेगाव तालुक्यातील हे गाव घोड नदीच्या खोऱ्यात आहे. डिंभे धरणाचे पाणी फिरल्यापासून या भागातील शिवारे उसाने भरून गेली आहेत. गेल्या हिवाळ्यात, तोडणीच्या ऐन दिवसांत, आम्ही सरांकडे गेलो तेव्हा ओसरीवर चार तरुण बसले होते. तीन मुलगे आणि एक मुलगी. चौघांनी मिळून एका लघुपटाची पटकथा लिहिली होती. चित्रीकरण मोबाईलवर करायचे, कलावंत गावातलेच घ्यायचे, असा बेत होता. फादरांनी पटकथा वाचून तिच्यातील उणिवा दाखवाव्यात, अशी सरांची इच्छा होती. चित्रपटकलेतील आमचा अधिकार एवढाच, की गेली तीसेक वर्षे आम्ही चित्रपट मनापासून पाहत आणि त्यांच्याविषयी अधूनमधून लिहीत आलो आहोत. तरी वही हातात घेतली.

पटकथेत दोन घरे होती. एक बागायतदाराचे. तिथे थोरल्या मुलाच्या लग्नाची बोलणी चाललेली, आजोबांचा हेका, पाहुण्यांची सरबराई. दुसरे घर म्हणजे त्याच बागायतदाराच्या बांधालगतची उसाच्या पाचटाची कोपी. तिच्यात बीडकडून तोडणीला आलेला एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांची दोन लेकरे. या दोन घरांच्या मध्ये ऊस, आणि उसात बिबट्या. पहाटे आईबाप तोडीला गेलेले असताना बिबट्या धाकट्या पोरावर झडप घालतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ही गोष्ट कोणाला कल्पनेने रचावी लागत नाही. मुलांनी ती पाहिलेल्या-ऐकलेल्या जगातून उचलली होती, आणि म्हणूनच वहीत जिवंतपणा होता.

वाचून झाल्यावर त्यांच्यातील एकाने विचारले, “फादर, ह्या दोन गोष्टी जोडायच्या कुठं? शेवटाला, का मध्येच?”

आम्ही पुस्तकी उत्तर दिले. दोन सूत्रे एकत्र येण्याचा क्षण शक्य तितका लांबवावा, पण त्याची चाहूल आधीपासून असावी, वगैरे. मुलांनी ते वहीत टिपून घेतले. परतताना मंचरच्या रस्त्यावर आमची एस.टी. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे बराच वेळ खोळंबली. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या दिशेने ती रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. काही ट्रॉल्यांवर उसाच्या मोळ्यांच्या वर बायका-मुले बसलेली होती. त्या खोळंब्यात आम्हांला जाणवले की, मुलांचा प्रश्न अपुरा होता आणि आमचे उत्तर तर त्याहून अपुरे. दोन कथा कुठे जोडायच्या, हा पटकथाकाराचा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: एक कथा सोडून आपण दुसऱ्या कथेत जातो, तेव्हा मागे कोण खोळंबून राहतो? आणि त्याच्या खोळंब्याचे आपण काय करतो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उजेडात काही चित्रपटांकडे पाहण्याचा आमचा विचार आहे.

समांतर सूत्र म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. उपकथा आणि समांतर कथा यांत भेद आहे. उपकथा ही मुख्य कथेची चाकरी करते. नायकाच्या मित्राचे विनोदी प्रेमप्रकरण काढून टाकले तरी नायकाचे काही अडत नाही. समांतर कथेला मात्र स्वतःचे माणूस असते, स्वतःची गरज असते आणि स्वतःचा काळ असतो. ती मुख्य कथेच्या शेजारी उभी असते, पाठीमागे नव्हे. त्यामुळे दोहोंमध्ये ये-जा करताना लेखकाला प्रत्येक वेळी निवड करावी लागते. नाटककाराला ही अडचण त्या मानाने कमी भासते, कारण रंगमंच एक असतो. पटकथाकाराला क्षणात कोठेही जाता येते. जाण्याची मोकळीक जितकी मोठी, तितकी सोडून जाण्याची जबाबदारीही मोठी.

आपल्याकडे ही ये-जा चित्रपटाने आणली असे समजण्याचे कारण नाही. निरगुडसरहून फार लांब नसलेले नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या नावाने ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. तमाशातील वग पाहिलेल्या माणसाला समांतर कथा ही वस्तू नवी नसते. ‘गाढवाचं लग्न’ हा हरिभाऊ वडगावकरांचा वग घ्या. दादू इंदुरीकरांनी त्यातला सावळ्या कुंभार अजरामर केला. एका बाजूला इंद्राचा दरबार आणि शाप मिळालेला गंधर्व. दुसऱ्या बाजूला सावळ्या आणि त्याची गंगी यांचे फाटके घर. शापित गंधर्व गाढव होऊन कुंभाराच्या दारी येतो आणि स्वर्गाची गोष्ट मातीच्या गोष्टीत मिसळते. पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की दरबाराचा उकिरडा होतो आणि उकिरड्याचा राजवाडा. सांधा लपवण्याची वगाला गरजच भासत नाही. उलट त्या सांध्यावरच सोंगाड्या विनोद करून घेतो.

वगाची खरी करामत पुढे आहे. नावाला मुख्य कथा गंधर्वाची, पण प्रेक्षकांचा जीव सावळ्यात गुंततो. इंद्र आणि राजा खोळंबतात, कुंभार बोलत राहतो. जे जग एरवी कुंभाराला दारात तिष्ठत ठेवते, त्या जगाला वग तासभर तिष्ठत ठेवतो. गावच्या जत्रेत मातीत बसून वग पाहणाऱ्यांना हा न्याय शब्दांत सांगावा लागत नसे.

हिंदी चित्रपटाने समांतर सूत्रे जोडण्याचा दुसरा मार्ग रूढ केला, तो योगायोगाचा. मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असणार. त्यातील अँथनीवर आमच्या समाजाने प्रेमही केले आणि नाकही मुरडले. पंधरा ऑगस्टच्या दिवशी गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडलेली तीन भावंडे तीन धर्मांत वाढतात. तीन स्वतंत्र कथा चालू होतात. आणि चित्रपटाच्या आरंभीच तिघे तरुण इस्पितळात शेजारी शेजारी पडून एका अंध स्त्रीला रक्त देतात. ती त्यांचीच आई असते, हे त्यांना ठाऊक नसते, आपल्याला असते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे दृश्य अशक्य. पटकथेच्या दृष्टीने मात्र ते फार शहाणे आहे. शेवटी काय होणार याची हमी ते पहिल्याच टप्प्यात देऊन टाकते. एकदा ही हमी मिळाली की कोणाच्याही खोळंब्याचे प्रेक्षकाला दुःख उरत नाही. अकबर गात असताना अँथनीचे काय झाले असेल याची आपण काळजी करत नाही. आई एकच आहे, सगळे घरी येणार आहेत. करमणूक म्हणून ही रचना चोख आहे. तिचे मोल मात्र असे, की तिच्यात वाट पाहणे कोणालाच महाग पडत नाही.

वाट पाहणे महाग पडते, हे चित्रपटाने फार पूर्वी ओळखले होते. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘इन्टॉलरन्स’ हा मूकपट १९१६ मधला. त्यात चार काळांतील चार कथा एकमेकींत गुंफल्या आहेत: बाबिलोनचा पाडाव, ख्रिस्ताचे दुःखसहन, १५७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट बांधवांची झालेली कत्तल, आणि ग्रिफिथ यांच्या काळातील एका गरीब अमेरिकन जोडप्याची कथा. पाळणा हलवणारी एक स्त्री मधूनमधून दिसते; तेवढाच काय तो धागा. शेवटाकडे चारही कथांचा वेग वाढतो. निरपराध तरुणाला फाशी होणार असते आणि त्याची सुटका घेऊन येणारी मोटार धावत असते. त्याच वेळी बाबिलोनला सावध करायला एक मुलगी रथ हाकत असते. पॅरिसमध्ये एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूकडे धावत असतो. आपल्या प्रभूची वाट तर कालवारीचीच. चौघांपैकी एकालाच वाचवणारे हात वेळेवर पोहोचतात. बाकी तिघांसाठी उशीर झालेला असतो.

पॅरिसची ती कत्तल कॅथलिकांनी केली होती, हे येथे आडपडदा न ठेवता नोंदवले पाहिजे. ख्रिस्ताच्या दुःखसहनाशेजारी ती कथा ठेवून ग्रिफिथ आपल्याला जे पाहायला लावतात, ते सुखाचे नाही. समांतर रचनेची ही एक शक्ती आहे. दोन चित्रे शेजारी ठेवली की लेखकाला निवाडा सांगत बसावे लागत नाही, शेजारच सांगतो.

आता आपल्या घरी यावे. मराठी पटकथेत समांतर सूत्रांचा सर्वांत भरदार प्रयोग आमच्या मते १९७९ चा ‘सिंहासन’. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी ती पटकथा लिहिली आणि डॉ. जब्बार पटेल यांनी चित्रपट केला. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला सेमिनरीत असताना, व्हिडिओ कॅसेटवर. अर्धे राजकारण डोक्यावरून गेले होते. पुढे तो अनेकदा पाहिला.

दोन कादंबऱ्यांची एक पटकथा करणे म्हणजे माणसांची गर्दी अंगावर घेणे. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि त्यांची डळमळणारी खुर्ची हे एक सूत्र. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) यांची महत्त्वाकांक्षा आणि त्यांच्या घरातील झाकलेले पाप हे दुसरे. कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) हे तिसरे. शहराच्या तळाशी तस्करीचे जग, हे चौथे. तेंडुलकरांनी या सर्वांमधून एक माणूस फिरवला: पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). दिगू प्रत्येक दारात जातो, प्रत्येकाशी बोलतो, चहा पितो, ऐकतो. वगातील फेरीचे काम येथे हा पत्रकार करतो. तो चालू लागला की आपण एका कथेतून दुसऱ्या कथेत जातो.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांसाठी मुद्दाम नमूद करतो. डिकास्टा हे नाव ख्रिस्ती आहे. पण पटकथेत तो ‘ख्रिस्ती पात्र’ म्हणून येत नाही. त्याच्या हाती ग्लास आणि गळ्यात मोठा क्रूस देऊन हशा मिळवण्याची तेंडुलकरांना गरज वाटली नाही. तो मुंबईच्या कामगारांचा पुढारी म्हणून येतो, त्याची ताकद आणि त्याचे हिशेब घेऊन येतो. आपल्या समाजातील माणसाला पडद्यावर एक पूर्ण समांतर सूत्र मिळाले, त्याचे महत्त्व त्या काळी आमच्या मंडळींच्या पुरेसे ध्यानात आले नाही.

आता आमचा प्रश्न ‘सिंहासन’ला विचारू. या चित्रपटात कोण खोळंबते? मंत्री खोळंबत नाहीत. त्यांच्यासाठी दूरध्वनी वाजत असतात, मोटारी उभ्या असतात. खोळंबते ती ज्यांच्या नावाने हे सर्व चालले आहे ती जनता, आणि ती चित्रपटात फारशी दिसतच नाही. तिच्या वतीने सगळे पाहणारा एक दिगू आहे. साक्षीदाराच्या हाती समांतर सूत्रे देण्यात एक धोका असतो. साक्षीदार सर्वत्र जातो, पण कोणत्याच घरचा नसतो. त्याचे स्वतःचे काही पणाला लागत नाही, आणि पटकथा हुशारीच्या वर उठत नाही. तेंडुलकरांना हा धोका दिसला असावा. त्यांनी सर्व सूत्रांचा भार अखेरीस या साक्षीदारावरच टाकला. शेवटी रस्त्यावर, एका भिकाऱ्याच्या संगतीत, दिगूचे भान सुटते आणि तो वेड्यासारखा हसत राहतो. सत्तेच्या खेळातले सगळे शहाणे राहतात. ज्याने सगळ्या कथा एकत्र पाहिल्या त्याला मात्र त्या सोसवत नाहीत. समांतर रचनेचा याहून योग्य शेवट आम्हांला मराठीत आठवत नाही.

पस्तीस वर्षांनी आलेला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा या वाटेवरील दुसरा टप्पा. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करसाठी भारताने त्याची निवड केली. येथे साक्षीदार नाही. सूत्रे जोडते ती एक खोली, मुंबईतील सत्र न्यायालयाची.

नारायण कांबळे (वीरा साथीदार) हे वयस्क लोकशाहीर. वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार गटारात मरतो. कांबळ्यांनी वस्तीत गायलेल्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस त्यांना चालू कार्यक्रमातून धरून नेतात. खटला उभा राहतो. आरोपीचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन आणि न्यायाधीश सदावर्ते ही तीन माणसे त्या खोलीत भेटतात, आणि तारीख पडली की आपापल्या घरी जातात. पटकथेचा धाडसी निर्णय असा, की ती त्यांच्याबरोबर घरी जाते.

व्होरा सुपरमार्केटमध्ये जाऊन चीज आणि वाइन घेतात, मोटारीत जॅझ ऐकतात, आईवडिलांशी जेवणाच्या टेबलावर हुज्जत घालतात. नूतन लोकलने घरी येतात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह एका नाटकाला जातात, ज्यात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. न्यायाधीश नातलगांबरोबर सहलीला जातात आणि बोलू न शकणाऱ्या एका मुलासाठी नाव बदलण्याचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवतात.

पहिल्यांदा हा चित्रपट पाहताना आम्ही अस्वस्थ झालो होतो. खरे सांगायचे तर थोडे वैतागलोही. खटला चालू असताना हा वकील चीज घेताना आपण का पाहायचा? आमच्या शेजारी बसलेल्या एका तरुण सहकाऱ्याने तर घड्याळ पाहिले. नंतर ध्यानात आले, घड्याळ पाहावे हीच पटकथेची इच्छा आहे. व्होरा खरेदी करत असताना, नूतन भाजी फोडणीला टाकत असताना, सदावर्ते पाण्याकाठी विसावलेले असताना कांबळे कोठडीत आहेत. त्या कोठडीत पटकथा आपल्याला एकदाही रेंगाळू देत नाही. कांबळ्यांचा खोळंबा ती दाखवत नाही. तो आपल्याला स्वतःच्या अंगावर मोजायला लावते. दुसऱ्यांच्या निवांत दिवसाचे प्रत्येक मिनिट त्यांच्या खात्यावर चढत जाते.

यातील न्यायबुद्धी अशी, की या तिघांपैकी कोणालाही पटकथा दुष्ट ठरवत नाही. व्होरा प्रामाणिक आहेत. जामिनासाठी स्वतः खटपट करतात, मारही खातात. नूतन कष्टाळू गृहिणी आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणींसारख्या. न्यायाधीश सभ्य आहेत. अन्याय चालू राहण्यासाठी खलनायक लागत नाही. भल्या माणसांची घरे खोळंबलेल्या माणसाच्या घरापासून दूर असली, की तेवढे पुरते. समांतर रेषा एकमेकींना छेदत नाहीत, हे भूमितीतील सत्य. ताम्हाणे यांनी त्याचे समाजशास्त्र करून दाखवले.

चित्रपटात सर्वांत थोडा वेळ मिळाला आहे तो मृताच्या पत्नीला, शर्मिला पवारला. ती एकदा साक्षीला येते. नवरा गटारात उतरण्याआधी दारू पिऊन जाई, कारण त्याशिवाय घाण सहन होत नसे. सुरक्षेचे साहित्य नसे. आत हवा आहे की नाही हे तो झुरळांवरून ओळखी. हे सर्व ती कोरड्या आवाजात सांगते. खटल्याचा पाया तिथेच ढासळतो. नंतर व्होरा तिला मोटारीतून सोडतात. ती काही काम असेल तर सांगा म्हणते. तिची कथा तिथे संपते. आमची तक्रार अशी, की तिन्ही वकील-न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत गेलेला कॅमेरा शर्मिलाच्या मागे तिच्या घरात का गेला नाही? यावर उत्तर देता येईल: न्यायव्यवस्था जिथे जात नाही तिथे चित्रपटही मुद्दाम जात नाही. उत्तर सुसंगत आहे. तरीही आमचे समाधान झालेले नाही. उपेक्षा दाखवण्यासाठी उपेक्षा करणे, हा युक्तिवाद एका मर्यादेनंतर लेखकाच्या सोयीचा होतो.

शेवट मात्र निर्विवाद मोठा आहे. जामिनावर सुटलेले कांबळे दुसऱ्या गंभीर आरोपाखाली पुन्हा पकडले जातात. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. लोक उठतात, कागद आवरले जातात, एकेक दिवा मालवतो, आणि रिकाम्या खोलीत अंधार उरतो. कोणाही व्यवहारी पटकथाकाराने चित्रपट तिथे संपवला असता. ताम्हाणे आपल्याला पुढे न्यायाधीशांच्या सहलीला नेतात. बाकावर त्यांना डुलकी लागलेली असते, मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाच्या कानशिलात लगावतात आणि पुन्हा डोळे मिटतात. कांबळे कोठे आहेत? आपल्याला ठाऊक आहे. चित्रपट संपतो तेव्हाही ते खोळंबलेलेच आहेत.

या ठिकाणी आम्हांला आमच्या अभ्यासविषयातील एक जुना सांधा आठवतो. आठवण पवित्र शास्त्राची असली तरी येथे ती रचनेपुरतीच. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूकडे येतो. त्याची लेक मरणपंथाला लागलेली आहे. येशू निघतो. वाटेत, गर्दीत, रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो. तिला शोधतो, तिचे सगळे ऐकून घेतो. तेवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. मग कथा पुन्हा याईराच्या घराकडे वळते. बायबलचे अभ्यासक या रचनेला ‘सँडविच’ म्हणतात. मार्कने ती अनेकदा वापरली आहे. मुलगी बारा वर्षांची, स्त्रीचे दुखणेही बारा वर्षांचे; सांधा इतका बारीक की प्रवचनात तो बहुधा निसटतो.

पटकथेच्या विद्यार्थ्याने येथे पाहावे ते हे: याईर प्रतिष्ठित आहे, त्याला नाव आहे, तो समोरून आला आहे. स्त्री निनावी आहे, पाठीमागून आली आहे. आणि मार्क खोळंबा घडवतो तो याईराचा. एरवी ज्याच्यासाठी गर्दी बाजूला होते, तो बाप उभा राहून पाहतो आहे आणि त्याची घटका सरते आहे. मधली कथा विसावा म्हणून आलेली नाही. तिची किंमत पहिल्या कथेला मोजावी लागते. म्हणून दोन्ही कथा एकमेकींना खऱ्या अर्थाने भेटतात. सेमिनरीत आम्ही या उताऱ्याचे शब्द तपासले, पाठभेद तपासले. याईर तेव्हा काय करत होता, हा प्रश्न मात्र आम्हांला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही विचारला नव्हता.

हे सर्व मनात घेऊन आम्ही महिन्याभराने पुन्हा निरगुडसरला गेलो. वही मागितली आणि या वेळी पेन्सिल घेऊन बसलो. बत्तीस दृश्यांपैकी सव्वीस बागायतदाराच्या घरची होती, सहा कोपीतली. संख्या विषम असण्यात दोष नाही. शर्मिलाचे एकच दृश्य पुऱ्या चित्रपटाला पुरून उरते. दोष असा होता की कोपीतल्या सहाही दृश्यांत काहीतरी भयंकर घडत होते. बिबट्या दिसला, पोराला उचलले, आई धावली, पंचनामा झाला. बागायतदाराच्या घरी लोक चहा पीत होते, रुसत होते, थट्टा करत होते, म्हणजे जगत होते. कोपीतल्या माणसांना जगायला एकही दृश्य दिलेले नव्हते. त्यांना फक्त संकट दिले होते. पोर गेल्यावर कथा बागायतदाराच्या घरी परत येई, आजोबांचे मन द्रवे, आणि त्या द्रवलेल्या मनावर पटकथा संपे. कोपीतले दुःख वाड्यातल्या माणसाला चांगले करण्यासाठी खर्ची पडले होते. समांतर कथा म्हणून आणलेली गोष्ट चाकरीला लागली होती.

आणखी एक जागा होती. तोडणीत उसात बिबट्याची पिल्ले सापडतात. वनखात्याचे लोक ती क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते. हे वास्तव आहे, आणि पाहणाऱ्याचे मन हलवणारे आहे. मुलांनी मादी पिल्लू उचलते ते दृश्य आणि कोपीतली आई रडते ते दृश्य एकाआड एक ठेवले होते. त्यांना ही जागा सर्वांत आवडत होती. आम्हांला ती सर्वांत धोक्याची वाटली. दोन्ही माता, हे साम्य खरे. पण ज्या बाईला अजून नाव दिलेले नाही, जिच्या तोंडी एक वाक्य नाही, तिला मादीशेजारी ठेवले की मादी माणसासारखी होत नाही; बाई मुक्या प्राण्यासारखी होते. शेजार निवाडा सांगतो, हे आम्ही वर म्हटले आहे. तो चुकीचाही सांगतो.

मुलांनी ऐकून घेतले. एक मुलगा म्हणाला, “पण फादर, ती माणसं सा महिन्यांनी निघून जात्यात. आमची वळख तरी कुठं असतीय?” त्याचे बोलणे प्रामाणिक होते, आणि आम्हांला त्यावर झटकन उत्तर देता आले नाही. तोवर गप्प बसलेली मुलगी म्हणाली, “मंग जाऊन बसू की एक दिवस.”

चौघे गेले होते, असे सरांनी नंतर कळवले. एक दिवस नाही, तीन दिवस. दुरुस्त केलेली वही गेल्या महिन्यात आमच्याकडे आली. दृश्ये आता एकोणतीस आहेत. बाईला नाव मिळाले आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, याचा हिशेब ती आणि नवरा रात्री बोटांवर करतात; त्यात नवरा चुकतो आणि ती हसते. मादी आणि पिल्लाचे दृश्य मुलांनी काढलेले नाही. ते त्यांनी बरेच आधी आणले आहे, पोर जिवंत असताना. ती बाई स्वतः ते लांबून पाहते आणि थोरलीला दाखवते. त्यामुळे त्या दृश्याचा सगळा अर्थ बदलला आहे, आणि हा बदल आम्ही सुचवलेला नव्हता.

शेवटही बदलला आहे. वाड्यात मांडवाचे खांब रोवले जात आहेत. कथा कोपीकडे येते. मुकादमाचा माणूस येऊन विचारतो, उद्या तोडीला येणार का. बाई काही बोलत नाही. तिथून कथा पुन्हा वाड्यात जात नाही. पटकथा त्या दारातच थांबते.

ही पटकथा निर्दोष झाली आहे असे नाही. आजोबांचे बोलणे अजून पुस्तकी आहे आणि मधली दोन-तीन दृश्ये कापता येतील. ते आम्ही समासात लिहून वही परत पाठवली आहे. पण या वेळी कोण कोणासाठी खोळंबले आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. समांतर कथांच्या रचनेविषयी आम्हांला जे सांगायचे होते ते एवढेच. दुसऱ्या कथेत जाण्याचा हक्क लेखकाला जन्मतःच असतो. पहिल्या कथेतल्या माणसाला आपण कोणत्या अवस्थेत सोडून आलो, याचे स्मरण मात्र त्याला कमवावे लागते.